माझ्या पावलाची ड्युटी कोणाची

मी शिंपी. देवासला टेकडीच्या खालच्या गल्लीत माझं दुकान आहे आणि पायमशीनवर माझं आयुष्य गेलं. शाळा पाचवीपर्यंत, तीही हिंदी. मराठी घरातली, आईच्या तोंडची. लिहिताना हिंदी शब्द घुसतील. ज्याला खटकतील त्याने मनातल्या मनात बदलून घ्यावेत, मला सांगायला येऊ नये.

समाजाच्या अंकवाल्यांनी सांगितलं, नाना, तुमच्या आजाराचं लिहा, दुसऱ्याला उपयोगी पडेल. माझ्या आजारात नवीन काही नाही. साखरेचा आजार आज घरोघरी आहे. पण दवाखान्यात जे पाहिलं ते सांगायचं आहे. डॉक्टरांबद्दल सगळे बोलतात, मी सिस्टरांबद्दल बोलणार. त्या किती प्रेमळ असतात ते नाही. त्या आपसात काम कसं वाटून घेतात, त्यावर माणूस घरी येतो की नाही हे ठरतं. मी ते दोन्हीकडून पाहिलं आहे. एकदा बायको घालवून, एकदा स्वतः पलंगावर पडून.

सुई

मंगल, माझी बायको, गेल्या वर्षी गेली. त्यानंतर मी दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवायला लागलो, कारण घरी जाऊन करायचं काय? साखरेची गोळी तीच हातावर ठेवायची. ती गेल्यावर कधी घेतली, कधी नाही. पायाला मुंग्या यायच्या, मग त्याही बंद झाल्या. मला वाटलं, बरं झालं. बरं झालं नव्हतं, पाऊल बधिर झालं होतं.

एका संध्याकाळी घरात शिरलो तर सुनबाई ओरडली, "नाना, फरशीवर हे काय?" मागे वळून पाहिलं तर दारापासून माझ्या मागे लाल डाग. उजव्या अंगठ्याखाली मशीनची तुटलेली सुई घुसली होती. दुकानात कधी घुसली, किती वेळ तिच्यावर पॅडल मारत होतो, देवाला ठाऊक. दुखलंच नाही. चाळीस माणसांना मी टाचण्या सांभाळून उचला म्हणून ओरडलो असेन, आणि सुई मलाच लागली.

बाहेर दिसत होतं ते टोक चिमट्याने ओढलं, हळद-तूप लावलं, चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी दुकानावर गेलो. लग्नसराई होती. डॉक्टरकडे गेलो तो पाय फुगून चप्पल चढेना तेव्हा. वास यायला लागला होता. वाचणाऱ्यांपैकी कोणी आत्ता हळद-तूप लावून बसला असेल तर त्याने हे वाचणं इथेच थांबवावं आणि दवाखान्यात जावं. पुढचं नंतर वाचा.

तो दिवस

डॉक्टरने फोटो काढला. सुईचा तुकडा अजून आतच होता. तो माझ्याशी बोललाच नाही, संजयशी बोलला. संजय माझा मुलगा. म्हणाला, अंगठा जाणारच. पाऊल राहील का हे चार-सहा दिवसांत कळेल. घोट्याच्या वरून कापावं लागू शकतं.

मी म्हटलं, "साहेब, पाय माझा आहे, मलाही सांगा."

तो वरमला. मग मला सांगितलं. ऐकताना मी त्याच्या टेबलाखाली बघत होतो. त्याचा पाय हलत होता, सारखा, वर-खाली, मशीन चालवल्यासारखा. मनात आलं, याला गरज नाही आणि याचा पाय चालतो. उजव्या पायाशिवाय शिंपी म्हणजे काय? लोक म्हणतात मोटर बसवा. मोटरवर गुडघ्याला, हाताला काम देता येतं, पण पंचावन्न वर्षं ज्या पायाने टाक्याचा वेग ठरवला तो पाय मला हवा होता. एवढंच. जीवाचं मला फारसं नव्हतं तेव्हा. खरं लिहितो.

संजय म्हणाला, इथेच भरती करू. मी म्हटलं, देवासला नाही. मी मेलो तरी नाही. तो समजला. मंगल इथेच गेली होती.

माझी मुलगी वैशाली धारला दिली आहे. ती म्हणाली, इकडे आणा, घर जवळ आहे, डबा आणता येईल. लोक म्हणाले, इंदूर ओलांडून धारला उपचाराला कोण जातं? मी म्हटलं, मी जातो.

मंगल

तिला लकवा झाला होता. डावी बाजू गेली. ज्या दवाखान्यात ठेवलं त्याचं नाव लिहीत नाही. अख्ख्या मजल्याला दोन सिस्टर. एक सगळ्यांना सुया टोचायची, दुसरी सगळ्यांचं बीपी बघायची आणि पट्ट्या करायची. कामं वाटलेली होती, माणसं वाटलेली नव्हती. मंगल कोणाची, असं विचारलं तर उत्तरच नव्हतं.

तिला कुशीवर वळवायचं होतं, दर थोड्या वेळाने. ते ना सुयांत बसत होतं ना बीपीत. मी सांगितलं की एक म्हणायची, "हो बाबा, तिला सांगते." दुसरी म्हणायची, "सकाळवाल्यांनी केलं असेल न." आम्ही स्वतः करायला गेलो तर भेटायची वेळ संपली म्हणून बाहेर काढायचे. सकाळच्या जाणाऱ्या आणि दुपारच्या येणाऱ्या दारात भेटायच्या, उभ्या उभ्या काहीतरी बोलायच्या, की झालं.

एक दिवस वैशालीने आईची साडी सरकवली आणि किंचाळली. पाठीला, कमरेखाली जखम पडली होती. मूठ जाईल एवढी. लकव्याने नाही गेली मंगल. त्या जखमेतून विष चढलं.

मी त्या दोन पोरींना काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. एक रडत होती. मला कीव आली नाही.

मुलगी बघायला आल्यासारखं

धारच्या वॉर्डात पहिल्या सकाळी एक पोरसवदा सिस्टर आली आणि म्हणाली, "बाबूजी, मेरा नाम अनिता. दो बजे तक आप मेरे." मी म्हटलं, "मतलब?" तर तिने बोट दाखवून सांगितलं, हे इतके पलंग माझे, ते तिकडचे दुसरीचे. तुम्हाला काही लागलं तर मला हाक मारा. मी नसेन तर माझ्या जागी कोण, ते मी सांगून जाईन.

दुपारी ड्युटी बदलायची वेळ झाली तर दोघी माझ्या पलंगाशी आल्या, जाणारी आणि येणारी. सोबत वॉर्डाची मोठी सिस्टर, डावर मॅडम. कुक्षी गावाकडच्या, पन्नाशीच्या, आवाज जाड. अनिता माझ्यासमोर सगळं बोलली: काय दिलं, काय द्यायचं राहिलं, ताप किती. मग चादर वर केली. दुसरी टाच उचलून, कमरेखाली हात घालून बघू लागली. मी म्हटलं, "अरे, हे काय? लग्नाला मुलगी बघायला आलात का?"

डावर मॅडम म्हणाल्या, "हां बाबूजी. और पसंद कर ली है, अब वापस नहीं करेंगे."

अख्खा वॉर्ड हसला. मग त्यांनी मलाच विचारलं, यात काही सुटलं का? मंगलच्या पलंगाशी हे एकदा, फक्त एकदा झालं असतं तर. मी तोंड भिंतीकडे केलं.

असं दिवसातून तीनदा. सगळ्याच गोड होत्या असं नाही. एक तर तोंडाची कारलं होती, सकाळी उठवताना "चलो उठो" एवढंच. पण तीसुद्धा टाच बघितल्याशिवाय पुढे जायची नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, हे प्रेमाचं काम नाही, रीतीचं आहे. प्रेम एखाद्या दिवशी थकतं. रीत कारल्याकडूनही काम करून घेते.

सिस्टर तिथेही काही फार नव्हत्या. पण एखादी आली नाही तर डावर मॅडम डॉक्टरांना सांगायच्या, आज नवीन माणूस घेणार नाही, बघायला हात नाहीत. त्यावरून भांडण झालेलं मी कानांनी ऐकलं. मॅडमनी ऐकलं नाही.

आम्ही दोन म्हाताऱ्यांनी केलेला घोटाळा

शेजारच्या पलंगावर सतवासचे गोवर्धन पटेल. माझ्याच वयाचे, साखरेचेच. मुलगा मोहनखेड्याला मंदिराच्या ट्रस्टमध्ये कामाला, म्हणून धारला आणलेले. माझा पलंग संडासाजवळ, त्यांचा लांब. त्यांना पाण्याची, म्हणजे लघवी सुटायची, गोळी चालू होती.

ज्या दिवशी माझं ऑपरेशन होतं त्या सकाळी म्हणाले, "यशवंत भिया, म्हारे घड़ी-घड़ी जानो पड़े. तम तो वैसे भी पड़े हो."

मी म्हटलं, "या न माझ्या पलंगावर, त्यात काय!" रेल्वेत खालची बर्थ म्हाताऱ्याला देतो, तसं. आपल्याकडे ही माणुसकी आहे. कोणाला विचारायची गोष्टच नाही. त्यांच्या मुलाने मला धरून तिकडे नेलं, उशा बदलल्या, थर्मास बदलला. डोक्यावरचे बोर्ड राहिले जागच्या जागी. मनगटाची नाव लिहिलेली प्लास्टिकची पट्टी मला खाजवत होती, ती मी आदल्या दिवशीच काढून चष्म्याच्या घरात ठेवली होती.

अनिता तेव्हा कोणाला तरी खाली एक्सरेला घेऊन गेली होती. जाताना दुसरीला सांगून गेली होती: या पलंगाचे बाबूजी ऑपरेशनसाठी उपाशी आहेत, त्यांना काही द्यायचं नाही. त्या पलंगाच्या बाबूजींना जेवणाआधी इन्सुलिन. बरोबरच सांगितलं होतं तिने. तिला काय माहीत, इथे आम्ही अदलाबदल केली आहे.

दुसरी आली, इन्सुलिन घेऊन, माझ्याजवळ. तिच्याबरोबर आणखी एक, कारण ही सुई दोघींनी पाहून द्यायची असा तिथला नियम. मला वाटलं ऑपरेशनच्या आधीचं असेल. बाही वर करून बसलो.

तिने विचारलं, "आपका नाम बताइए."

मी उपाशी, भूक लागलेली, डोकं फिरलेलं. म्हटलं, "रोज रोज काय नाव? बोर्डवर लिहिलंय, वाचून घे."

ती म्हणाली, "सुई बोर्ड को नहीं लगानी बाबूजी, आपको लगानी है. नाम बताइए."

"यशवंत."

दोघी थांबल्या. एकीने बोर्ड पाहिला, मग माझं रिकामं मनगट पाहिलं. सुई ट्रेमध्ये परत गेली. पटेल तिकडून म्हणाले, "बेटा, म्हारी सुई है वा?"

रात्रीपासून पोटात काही नसलेल्या माणसाला ते पटेलांचं इन्सुलिन गेलं असतं तर काय, हे मला नंतर डॉक्टरने सांगितलं. साखर इतकी खाली गेली असती की ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचायचं कारणच उरलं नसतं. तिने "आपण पटेल का?" असं विचारलं असतं तर मी नक्की "हां हां" म्हणून टाकलं असतं. मी तसाच आहे. उपाशी माणूस कशालाही हां म्हणतो.

डावर मॅडम आल्या. आम्ही दोघं शाळेत पकडलेल्या पोरांसारखे. वाटलं, आता त्या पोरींची खैर नाही. मॅडम त्यांना एक शब्द बोलल्या नाहीत. आम्हाला म्हणाल्या, "पलंग आपस में नहीं बदलते. अगली बार मुझे बुलाना." मग अनिता परत आल्यावर तिघींना उभं करून म्हणाल्या, ज्याला घडीघडी उठावं लागतं त्याला आपण लांबचा पलंग दिलाच कसा? चूक तिथे झाली. त्याच दिवसापासून भरती होणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागल्या, रात्री किती वेळा उठता? माझ्या मनगटाला नवीन पट्टी आली, सैल. मी शिंपी, तेव्हा मापही मीच सांगितलं.

खूण

अंगठा गेला. सुईचा तुकडा निघाला. पण पाऊल लालच राहिलं.

डॉक्टरने निळ्या पेनाने लाली जिथवर होती तिथे माझ्या पावलावर रेघ ओढली. आम्ही कापडावर खडूने ओढतो तशी. म्हणाला, लाली रेघेच्या आत आली तर पाऊल राहील, बाहेर गेली तर वरून कापू.

मग घरात भांडण सुरू झालं. संजय रोज देवासहून येऊन-जाऊन थकला होता. एक दिवस पलंगाशीच म्हणाला, "नाना, सही करून टाका. कापू द्या. आईचं पण आपण बघू बघू करत बसलो."

वैशाली म्हणाली, "दादा, पाय काही तुझा नाही."

"बाप तर माझा आहे न!"

मी दोघांना गप्प केलं. पण संजयचं खोटं नव्हतं. तो माझ्या पायाकडे बघायचाच नाही. चादर वर झाली की बाहेर जायचा. आईची जखम त्याच्या डोळ्यांत होती. मी त्याला भित्रा समजत होतो. तो भित्रा नव्हता, त्याला दुसऱ्यांदा तेच बघायचं नव्हतं.

रोज ड्युटी बदलताना दोघी सिस्टर रेघेवर बोट ठेवून बघायच्या. "अंदर है." "अंदर है." मी देवाचं नाव घेतल्यासारखं ते ऐकायचो. मग एका दुपारी येणारी होती ती कारलं सिस्टर. वाकली, बघितलं, जाणारीला म्हणाली, "ये सुबह इतना था?" बोटभर लाली रेघेच्या बाहेर आली होती, घोट्याकडे. सकाळी नव्हती. जाणारीने शपथेवर सांगितलं, सकाळी आत होती, दोघींनी पाहिली होती. म्हणजे लाली सकाळनंतरच सरकली. एवढं पक्कं सांगता आलं म्हणून डॉक्टर जेवण सोडून आला. लगेच पुन्हा आत नेलं, एक कोपरा राहिला होता, पू साठलेला, तो साफ केला. औषध बदललं.

डॉक्टर नंतर म्हणाला, संध्याकाळच्या राउंडपर्यंत थांबलो असतो तर मी पाय कापायलाच आलो असतो. कारलं सिस्टरला मी हात जोडले. ती म्हणाली, "पैर हिलाओ मत."

पोचले नाही

पुढच्या दिवशी लाली रेघेवर आली, मग आत. दुपारची वेळ होती, वॉर्ड पेंगत होता. डावर मॅडम माझी पट्टी स्वतः बघत होत्या. मी त्यांना मंगलचं सगळं सांगितलं. मग विचारलं, "मॅडम, ती इथे असती तर?"

त्यांनी पट्टीची गाठ मारली, मग स्टूल ओढून बसल्या.

"बाबूजी, मैं ऐसी ही जगह थी पहले. दो सिस्टर, पूरी मंजिल. एक अम्मा थीं, उनको करवट दिलानी थी." त्या माझ्या पायाकडे बघत होत्या. "मैं भूली नहीं थी. पहुंची नहीं थी."

"मग?"

"फिर उनकी पीठ खुल गई. उनके बेटे ने मुझे बहुत सुनाया. ठीक ही सुनाया."

हेच हात. हीच बाई. तिथे तिच्या हातून एक म्हातारी गेली, आणि इथे मी तिच्या वॉर्डात पाय घेऊन पडलो होतो. वर्षभर मी जो राग शिवून अंगावर घालून फिरत होतो, तो त्या दोन पोरींच्या मापाचा नव्हता. कोणाच्या मापाचा होता? ज्यांनी दोन पोरींवर मजला सोडला, त्यांच्या. त्यांचे चेहरे मी कधी पाहिलेच नाहीत. राग गेला असं म्हणत नाही. पण तो त्या पोरींच्या अंगावरून मी काढून घेतला.

मॅडम उठताना म्हणाल्या, "मंगलबाई यहां होतीं तो बचतीं कि नहीं, नहीं बता सकती. पीठ नहीं खुलने देती, इतना बोलती हूं."

ते मला पुरलं. आजवर मंगलबद्दल मला सांत्वनाचं खूप बोलले लोक. देवाची मर्जी, सुटली बिचारी, वगैरे. या बाईने जेवढं खरं होतं तेवढंच सांगितलं. त्या दुपारी वर्षभरात पहिल्यांदा माझा निवांत डोळा लागला.

छुट्टी

डॉक्टरने सांगितलं, पाऊल राहिलं. अंगठ्याविना चालायला शिकावं लागेल, जन्मभर बूट वेगळा, पण पाऊल राहिलं. पटेलांनी पेढा मागवला आणि आम्हा दोघांनाही खाऊ दिला नाही सिस्टरांनी. वॉर्डात वाटला.

दवाखान्यात जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पोचल्यावर आधी विचारा, आत्ता आमच्या माणसाची सिस्टर कोण? नाव विचारा. नाव मिळालं नाही तर ओरडू नका, पण शांत बसूही नका. वरच्याला विचारा. तुमचं नाव कोणी विचारलं तर रागवू नका, सांगा, शंभरदा सांगा. आणि पलंग बदलू नका, कितीही माणुसकी आली तरी.

निघायच्या सकाळी डावर मॅडमनी वैशालीला आणि संजयला दोघांनाही पलंगाशी बोलावलं. म्हणाल्या, अब आपकी ड्युटी. पट्टी सोडून पाऊल उघडं केलं. संजय दाराकडे निघाला तर म्हणाल्या, "भैया, रुको." तळवा कसा बघायचा, बोटांच्या मधे कसं बघायचं, रंग बदलला तर काय करायचं, सगळं दाखवलं. मग विचारलं, घरी रोज पाऊल कोण बघणार?

वैशाली म्हणाली, "आम्ही दोघं बघू."

मॅडम म्हणाल्या, "दोनों मतलब कोई नहीं. एक नाम बताओ."

वैशाली तर धारची. देवासला माझ्याजवळ संजयच. तिने त्याच्याकडे पाहिलं, मी पाहिलं नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, त्याला मोकळं सोडलं.

मग माझ्या टाचेखाली एक हात आला. गार होता.

"मैं," संजय म्हणाला. "संजय."